भुऱ्याच्या नाकावरची जखम

"पॉझिटिव्ह आहे," चंद्रपूरचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले आणि कागद आमच्याकडे फिरवला. आजार लीशमॅनियासिस. वाळूमाशीच्या चाव्यातून शिरणारा परजीवी अस्थिमज्जेत, प्लीहेत, कातडीत वाढतो. माणसांतल्या काळ्या आजाराचाच हा सगा. आमच्या कुत्र्याला, भुऱ्याला, टेबलावर उभं राहता येत नव्हतं. आईने त्याचं पोट खालून धरलं होतं.

भुऱ्या मूळचा आमचा नव्हे. भद्रावतीच्या वसाहतीत आमच्या शेजारी उत्तरेच्या पहाडातून एक कुटुंब बदलून आलं, त्यांनी त्याला आणलं. पुढे त्यांची पुन्हा बदली झाली आणि कुत्रा आमच्याकडे राहिला.

सुरुवात नाकावरच्या जखमेने झाली. आमच्या भागात जनावराच्या जखमेवर पहिला उपाय बिब्याचा. बिबा दिव्यावर तापवला की काळं तेल सुटतं. आईने ते लावलं. जखम काळी पडली, भोवतीची कातडी भाजली. डॉक्टरांना दिसलं ते भाजणं. त्यांनी मलम दिलं. मग डोळ्यांभोवतीचे केस गळाले, नखं वेडीवाकडी वाढली. खाऊनही कुत्रा वाळत गेला. आम्ही उन्हाळ्याला दोष दिला.

नाकातून रक्त आलं तेव्हा डॉक्टरांनी प्रथमच विचारलं, हा मूळचा कुठला? हा आजार तिकडच्या पहाडात आढळतो, आमच्या भागात नाही; म्हणून उत्तर ऐकून त्यांनी गळ्याखालच्या गाठी चाचपल्या. नाकावरची कातडी खरवडून पीसीआर चाचणीसाठी बाहेरगावी पाठवली. या चाचणीत परजीवीच्या जनुकाचा तुकडा शोधून त्याच्या असंख्य प्रती काढतात, त्यामुळे परजीवी थोडे असले तरी सापडतात.

अहवाल निगेटिव्ह आला. आईने शेजारीपाजारी साखर वाटली.

भुऱ्या मात्र खंगतच गेला. बिब्याने जळून मेलेल्या कातडीत काही सापडणार नव्हतं, हे डॉक्टरांच्या उशिरा लक्षात आलं. दुसरा नमुना त्यांनी गाठीत सुई घालून घेतला. त्याचा अहवाल आता समोर होता आणि किडन्या निकामी झाल्या होत्या.

"माह्या बिब्यानं झालं का हे?" आईने विचारलं.

"नाही, बाई. आजार आधीपासूनच होता. बिब्यानं तो झाकला. औषध आहे, पण ते आता याला झेपणार नाही."

आईने भुऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. "मंग त्याले काऊन तडफडवून राह्यलो आपण?"

परप्रांतातून आलेला कुत्रा ज्यांच्या घरी आहे, त्यांनी तो कुठून आला हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं. न भरणाऱ्या जखमेवर घरचं काही लावू नये. आमच्याकडून दोन्ही राहिलं.

डॉक्टरांनी भुऱ्याला कायमचं झोपवण्याचं इंजेक्शन भरलं आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. मी दारापर्यंत गेलो. आई हलली नाही.

"बाहेर कायले जाऊ? त्याले घरचं माणूस पायजे जवळ."

तिने भुऱ्याचं डोकं छातीशी धरलं आणि त्याच्याशी बोलत राहिली. बाहेर बाकावर इतर लोक आपापली जनावरं घेऊन ताटकळले होते. डॉक्टर इंजेक्शन हातात धरून, तिचं बोलणं संपेपर्यंत उभे राहिले. त्यांचा तेवढ्यासाठी मी ऋणी आहे.