पासष्ट ग्रॅम कुणाचे

बाईंना वजनमाप खात्यात लागून अकरा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात बाजारपेठ त्यांचं खरं नाव विसरून गेली आणि त्यांना 'काटेबाई' म्हणू लागली. हे नाव कुणी प्रेमानं दिलेलं नव्हतं, पण त्यात फारसा रागही नव्हता. सर्दीला सर्दी म्हणावं तसं ते होतं. काम सरळ होतं. प्रमाणित वजनांचा डबा घेऊन दुकानात शिरायचं, काटा समपातळीत आहे का बघायचं, रिकाम्या काट्यावर शून्य येतंय का पाहायचं, मग वजन आधी मधोमध आणि नंतर चारी कोपऱ्यांत ठेवायचं. काटा खरा निघाला तर शिक्का, खोटा निघाला तर दंड.

खऱ्या काट्यावर लबाडी करणारी जात वेगळी, आणि बाईंचा खरा राग तिच्यावर. मिठाईवाल्यांचा काटा सोन्यासारखा, पण मिठाई तोलायची ती जाड पुठ्ठ्याच्या खोक्यासकट. गिऱ्हाईक बिचारं मिठाईच्या भावानं पुठ्ठा घरी नेतं. पकडलं की प्रत्येक जण तेच वाक्य म्हणायचा, "अहो बाई, पन्नास-साठ ग्रॅमनं काय होतंय?" बाईंचं उत्तरही ठरलेलं, "ते साठ ग्रॅम कुणाचे?" यावर कुणी काही बोलत नसे, कारण उत्तर सगळ्यांना माहीत असे.

बाईंचं लग्न उशिरा झालं आणि दिवस त्याहून उशिरा राहिले. नवरा शाळेत विज्ञानाचे मास्तर. प्रयोगशाळेत मुलांनी फोडलेल्या परीक्षानळ्या मोजून मोजून त्यांना कशाचंच आश्चर्य वाटेनासं झालं होतं. एकदा पोर झालं की वीस वर्षं कुठं जाणं नाही, म्हणून दोघांनी सहा दिवसांची परदेशची सहल ठरवली. डॉक्टरीणबाईंनी तपासून 'खुशाल जा' अशी चिठ्ठी दिली. सासूबाईंनी दिली नाही.

"आम्हाला पोटुशी असताना कुणी अंगणाबाहेर सोडलं नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच मी असा अंगणातल्या अंगणात राहिलो, आई," मास्तर म्हणाले, आणि वाद तिथं मिटला.

तिसऱ्या दिवशी, एका मोठ्या बागेच्या तिकिटाच्या रांगेत, बाईंचं पाणी गेलं. सातवा महिना नुकता लागला होता. मास्तरांनी मोबाइलमध्ये वाक्य टाकून त्याचं भाषांतर पहारेकऱ्याला दाखवलं. पहारेकरी पळत गेला आणि पाण्याची बाटली घेऊन आला. मागे उभ्या असलेल्या एका म्हातारीला मात्र भाषांतर लागलं नाही. तिनं एकदा बाईंकडे, एकदा जमिनीकडे पाहिलं आणि अशी काही आरोळी ठोकली की अख्खी रांग बाजूला झाली. पुढच्या चार तासांत मुलगी झाली.

"बाराशे दहा ग्रॅम," डॉक्टर म्हणाले.

मुलगा की मुलगी हे विचारायच्या आधी बाईंनी विचारलं, "काटा शेवटचा कधी तपासलाय?" डॉक्टरांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी भाषांतर केलं, "ती आपले आभार मानतेय."

मुलीला काचेच्या पेटीत ठेवलं. हाताची पाची बोटं मिळून बाईंच्या अंगठ्याच्या नखाएवढी. अंगावर कपडे कमी आणि वायरी जास्त. इतक्या लवकर आलेली मुलं अधूनमधून श्वास घ्यायलाच विसरतात, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मग यंत्र कोकलतं, सिस्टर येऊन तळपायाला टिचकी मारते आणि मूल पुन्हा कामाला लागतं. घरी जायच्या अटी दोन. सलग आठ दिवस श्वास विसरायचा नाही, आणि वजन दोन किलो झालं पाहिजे. त्याशिवाय विमानात बसायचा दाखला मिळणार नाही.

तीन आठवड्यांनी मास्तरांची रजा संपली. वार्षिक परीक्षा तोंडावर होती. ते जाताना म्हणाले, "न्यायला येतो." बाई म्हणाल्या, "या." दोघांनाही याहून जास्त बोलायची सवय नव्हती.

मग बाई आणि इस्पितळ असा संसार सुरू झाला. समोरच्या इमारतीत आयांसाठी खोल्या होत्या. एक खाट, एक टेबल, पाणी तापवायची किटली आणि खिडकीतून दिसणारं धुलाईखान्याचं मागचं दार. दर तीन तासांनी यंत्रानं दूध काढायचं, बाटलीवर वेळ लिहायची, रस्ता ओलांडायचा. वॉर्डवर राज्य होतं मोठ्या सिस्टरचं. ही बाई अंगापिंडानं कपाटासारखी आणि स्वभावानं त्या कपाटाच्या कुलपासारखी होती. ती सगळ्या बायकांना 'आई' म्हणे, कारण नावं पाठ करायला तिला वेळ नव्हता. बाई आणि ती एका तिसऱ्याच भाषेत बोलत. ती दोघींनाही अर्धीमुर्धीच येत होती, त्यामुळे भांडण पूर्ण असं कधी होत नसे.

रोज सकाळी दहाला वजन. मुलीला उघडं करून, कापड पसरलेल्या काट्यावर ठेवायचं, आकडा तक्त्यावर लिहायचा. पहिल्या आठवड्यात तो बाराशे दहावरून हजार नव्वदवर उतरला आणि बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पुढे वीस-पंचवीस करत चढू लागला. सहाव्या आठवड्यात मुलीनं श्वासाचे आठ दिवस पुरे केले आणि नाकातली दुधाची नळी निघाली. आता ती स्वतः ओढून पिऊ लागली, पण पिण्याच्या मेहनतीत प्यालेलं अर्धं खर्च होऊ लागलं. वाढ दिवसाला दहा-पंधरावर आली. सातव्या आठवड्यातल्या सोमवारी आकडा होता अठराशे सत्तर. व्हिसा संपायला नऊ दिवस होते.

मंगळवारी आकडा आला एकोणीसशे पन्नास.

एका दिवसात ऐंशी ग्रॅम! मोठी सिस्टर हसली, हे वॉर्डात पहिल्यांदाच घडलं. फोनवर सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडचं हाड आहे ते. उशिरा धरतं, पण धरलं की सोडत नाही."

"हाड एका दिवसात वाढत नाही, आई," बाई म्हणाल्या.

"तुला आनंदात मिठाचा खडा टाकायला कुणी शिकवलं गं? खात्यात शिकवतात का?"

बाई गप्प बसल्या. त्यांच्या अकरा वर्षांच्या नोकरीत असा गप्प बसण्याचा प्रसंग आला नव्हता. भुसारी बाजारात एखाद्या पोत्याचं वजन एका दिवसात असं उडी मारून वाढलं असतं, तर त्यांनी आधी पोतं नाही, काटा धरला असता. बुधवारी एकोणीसशे पासष्ट. गुरुवारी ऐंशी. शुक्रवारी नव्वद. म्हणजे उडी एकदाच, आणि मग पुन्हा तीच दहा-पंधराची चाल. हे गणित बाईंना गुरुवारीच सुटलं होतं. पण त्या खोलीत परत जाऊन बॅग आवरत बसल्या. घरी आपली खाट आहे, आपलं माणूस आहे, खिडकीतून धुलाईखाना दिसत नाही. आपल्याच घरच्या काट्याला कोण शिक्का मागतो?

शनिवारी दोन हजार पाच. डॉक्टरांनी विमानाच्या दाखल्यावर सही केली. सोमवारचं तिकीट निघालं. मास्तर रविवारी संध्याकाळी पोचणार होते.

पण ते ऐंशी ग्रॅम काही पचेनात, म्हणून रविवारी सकाळी दहाला बाई औषधं बनवणाऱ्या खोलीतून अर्ध्या अर्ध्या किलोची दोन प्रमाणित वजनं मागून घेऊन वॉर्डात आल्या. ती स्वच्छ पुसून आणली होती.

"हे काय, आई?" सिस्टरनं विचारलं.

"काटा तपासायचाय."

"माझा काटा?"

"हो."

सिस्टरनं हाताची घडी घातली. "तपासा. मग मी तुमची बाळंतपणाची पद्धत तपासते."

बाईंनी पातळी पाहिली, बरोबर. शून्य पाहिलं, बरोबर. अर्धा किलो मधोमध, मग चार कोपऱ्यांत. पाचशे, पाचशे, पाचशे, पाचशे, पाचशे. दोन्ही वजनं एकत्र, हजार. एक ग्रॅम इकडचा तिकडे नाही. असा काटा त्यांनी उभ्या नोकरीत दोन-तीनदाच पाहिला असेल.

"झालं समाधान?" सिस्टर म्हणाली.

"झालं," बाई म्हणाल्या, आणि त्यांना मनापासून लाज वाटली. लाजेच्या खाली सुटल्याचा आनंदही होता, तो त्यांनी वर येऊ दिला नाही.

सिस्टरनं वजनं बाजूला सारली, नेहमीसारखं काट्यावर कापड पसरलं आणि एक बटण दाबलं. कापडाचं आधीच भरून ठेवलेलं वजन आपोआप वजा करणारं ते बटण होतं. बाई त्या कापडाकडे बघत राहिल्या. ते जाड होतं, दुपदरी, लोकरीच्या अस्तराचं.

"हे कापड कधीपासून?"

"मंगळवारपासून. जुन्या खोलीला रंग देताहेत ना, म्हणून इथं आलो. ही खोली गार आहे. पोरांना हुडहुडी भरते."

"आणि बटणात वजन कुठल्या कापडाचं घातलंय?"

सिस्टरनं वाकून बटणाकडे पाहिलं. बाईंनी कापड उचललं, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा नुसतं कापड ठेवून बटण दाबलं. रिकाम्या कापडाला शून्य यायला हवं होतं. आकडा आला पासष्ट.

अकरा वर्षं ज्या खोक्यावर दंड केला, त्याच खोक्यासकट पोटची पोर पाच दिवस तोलली जात होती, आणि तज्ज्ञ बाई काट्याचे कोपरे तपासत बसल्या होत्या. सिस्टरनं खुर्ची ओढली आणि ती बसली. वॉर्डात इतर सात मुलं होती. तिनं सातही तक्ते मांडीवर घेतले आणि लाल पेन काढलं.

मुलीला कापडाशिवाय ठेवलं. एकोणीसशे पन्नास. तिनं थंड तबकाचा निषेध म्हणून तबकावरच शू केली, म्हणून पुसून पुन्हा तोललं, एकोणीसशे अठ्ठेचाळीस.

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तक्ता पाहिला, मुलगी पाहिली, घड्याळ पाहिलं.

"श्वास ठीक आहे, पिते छान. दाखला मी परत घेत नाही," ते म्हणाले. "राहतील पन्नास-साठ ग्रॅम कमी. त्यानं काय होतंय? जायचं असेल तर जा. तुम्ही ठरवा."

बाईंना हे वाक्य इतक्या लांब येऊन, इतक्या शिकलेल्या माणसाकडून ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. या वेळी दुकानदार डॉक्टर नव्हते, आपण स्वतः आहोत, हेही त्यांना दिसत होतं. माल घाईनं घरी न्यायची गरज त्यांनाच होती, आणि गिऱ्हाईक पेटीत जांभई देत होतं.

"दोनची अट कुणी घातली?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"अंदाजानं?"

"नाही, तसं नाही," डॉक्टर म्हणाले. "अनुभवानं."

"मग दोन होऊ द्या."

मास्तर संध्याकाळी टोपी, मोजे आणि सासूबाईंनी शिवलेली तीन दुपटी घेऊन आले. सगळं ऐकल्यावर ते खाटेवर बसले. बराच वेळ त्यांनी बूट काढले नाहीत.

"अगं, मी आठ वर्गांचे पेपर वाटेत तपासत आलोय," ते म्हणाले. "परवा व्हिसा संपतोय."

"परवा नाही, बुधवारी. उद्या त्या कचेरीत जाऊ."

"डॉक्टर जा म्हणत असताना?"

"डॉक्टर 'तुम्ही ठरवा' म्हणाले. मी ठरवलं."

"आणि मला विचारलं असतंस तर?"

"तर तुम्ही जाऊ म्हणाला असता, आणि मला ते ऐकावंसं वाटलं असतं," बाई म्हणाल्या. "म्हणून नाही विचारलं."

मास्तरांना पुष्कळ वर्षांनी आश्चर्य वाटलं. त्यांनी बूट काढले.

सोमवारचं विमान वेळेवर सुटलं. व्हिसाच्या कचेरीत दोन तास उभं राहून दहा दिवस वाढवून मिळाले. सासूबाई फोनवर मास्तरांना म्हणाल्या, "तुझ्या बायकोला सांग, पोर आहे ती, साखर नाही." मास्तरांनी निरोप पोचवला. ते दोन दिवस घुश्श्यातच होते. बाटल्यांवर वेळ मात्र तेच लिहीत होते. मंगळवारी आकडा फक्त पाचनं वाढला, तेव्हा त्यांनी बोटांवर व्हिसाचे उरलेले दिवस मोजले, आणि बाईंना त्यांचं ते मोजणं टोमण्यापेक्षा जड गेलं. त्या आठवड्यात मुलीला काही झालं नाही. यंत्र एकदाही कोकललं नाही. त्या पासष्ट ग्रॅमनी काही बिघडलं असतं का, हे त्यामुळे कुणालाच कळलं नाही, आणि पुढेही कळायचं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी, कापडाशिवाय, आकडा आला दोन हजार पाच.

डॉक्टरांनी शनिवारचाच जुना दाखला फायलीतून काढला. त्यावरही दोन हजार पाचच होतं.

"वा! नवीन लिहायलाच नको. नुसती तारीख बदलतो," ते म्हणाले.

"म्हणजे सहा दिवस थांबून तोच आकडा," मास्तर छताकडे बघत म्हणाले.

"नवीन लिहा," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी नवा कागद घेतला. मोठ्या सिस्टरनं काट्यावरून मुलगी उचलली, दुपट्यात घट्ट गुंडाळली आणि पहिल्यांदाच बाईंच्या ऐवजी मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी तिला दोन्ही हातांवर किंचित वर-खाली करून पाहिलं.

"लागतेय बरोबर," ते म्हणाले.