मामांची आकड्यांतली अरबी

अरबीचं एक अक्षरही ओळखता न येणारा अरबीचा एवढा मोठा पंडित अख्ख्या अमेरिकेत दुसरा सापडायचा नाही. हा पंडित माझ्या बायकोचा सख्खा मामा लागतो, त्यामुळे मला पळून जायचीही सोय नाही.

मिशिगनमधल्या नोव्हायच्या एका कंपनीत मामांनी तीस वर्षं गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले. शेजारच्या टेबलावर सामी नावाचे लेबनॉनचे गृहस्थ. घरी मेसेज करताना ते अरबी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचे आणि इंग्रजीत नसलेल्या आवाजांसाठी मध्ये आकडे घालायचे. ही खिचडी मामांनी एकदा त्यांच्या स्क्रीनवर पाहिली आणि नवा पार्ट नंबर समजून दोन दिवस रजिस्टर धुंडाळलं. शेवटी सामींनाच विचारलं, तेव्हा कळलं की त्यांनी बायकोला लाडाने हाक मारली होती. दुसरा कोणी लाजून गप्प बसला असता. मामांनी शिकवणी लावली.

"तीन म्हणजे घशाच्या तळातून काढायचा अ, आणि सात म्हणजे चष्म्याच्या काचेवर वाफ सोडताना येतो ना, तो ह," हे व्याख्यान मी श्रीखंड खाता खाता किमान वीसदा ऐकलंय. एवढ्यावर न थांबता त्यांनी मराठीतही असेच आकडे घालून तिचाही उद्धार केला. त्यांच्या दिवाळीच्या शुभेच्छा माझ्या बायकोला ओटीपी वाटल्या आणि तिने त्या घाईघाईने डिलीट केल्या. अरबी वस्तीच्या डिअरबॉर्नमधल्या एका बेकरीत अरबी पाटीसमोर उभं राहून मामा मला म्हणाले, "चष्मा घरी राहिला रे." चष्मा नाकावर होता. मग त्यांनी घसा खरवडून पावाची ऑर्डर दिली. काउंटरवरच्या मुलीने काळजीने पाण्याची बाटली पुढे केली.

बायको गेल्यापासून सामी एकटेच होते. गेल्या महिन्यात ते मुलीकडे ह्यूस्टनला कायमचे राहायला निघाले. मामांना हल्ली हायवेवर ड्राइव्ह करवत नाही, म्हणून निरोपाला मी घेऊन गेलो. खोक्यांनी भरलेल्या घरात दोघे म्हातारे सोफ्यावर बसले. गुडघे, थंडी, जुना बॉस एवढं झालं आणि दोघांचं इंग्रजी संपलं. मग मामांनी फोन काढून एका बोटाने आपल्या आकड्यांच्या अरबीत काहीतरी टाइप केलं. शेजारच्याच खिशात टिंग वाजलं. सामींनी वाचलं, डोळे पुसले आणि उत्तर टाइप केलं. एकाच सोफ्यावर, खांद्याला खांदा लावून, अर्धा तास हे चाललं होतं. खरं तर मला हसू यायला हवं होतं, पण मी उठून उरलेली खोकी चिकटपट्टीने बंद करायला लागलो.

परतताना मी म्हटलं, "पोचल्यावर मेसेज करतील की, मामा."

"करेल रे. पण तिथे मुलगी, नातवंडं, सगळी फाडफाड इंग्रजी. बिचारा बोलणार कुणाशी?"

"आणि तुम्ही?"

मामा काचेतून बाहेर बघत म्हणाले, "मला तू आहेस की, नावं ठेवायला."

एरवी मी काहीतरी खोचक बोललो असतो. त्या दिवशी मी विचारलं, "मामा, तो सातचा ह कसा काढायचा म्हणालात?"