माझा जबडा, माझी सही

"बायी तेगी."

तोंड उघड. कन्नडमध्ये असं लहान पोरांना म्हणतात. मी सत्तावीस वर्षांची होते. मोठ्या डॉक्टरांनी माझी हनुवटी धरून चेहरा विद्यार्थ्यांकडं वळवला. केसपेपरवरचं आडनाव मोठ्यानं वाचलं. मग इंग्रजीत म्हणाले, "यांच्यात असे जबडे फार. आपापसातच लग्नं करतात ना."

पोरं हसली. माझ्या आईबापाचं आधीचं काही नातं नव्हतं. पण तोंडात डॉक्टरांचा आरसा होता. बोलणार कशी?

माझा खालचा जबडा पुढं. समोरच्या दातांनी चपातीचा तुकडा तुटायचा नाही. निपाणीकडून नोकरीसाठी बेंगळुरूला आले, महादेवपुऱ्यातल्या कंपनीत लागले, पण डबा कायम एकटीनं खाल्ला. म्हणून या डेंटल कॉलेजात आले. आधी दातांना तारा, मग ऑपरेशन, मग पुन्हा तारा. ऑपरेशनआधी जबडा आणखी पुढं दिसेल, असं सांगितलं होतं. दिसला. दीड वर्षात दात असे सरकले की होतं तेवढंही चावता येईना. आता माघार नव्हती. हे मला माहीत होतं. त्यांनाही.

ऑपरेशनच्या सकाळी शिकाऊ डॉक्टरीण दोन कागद घेऊन आली. "अक्का, दोन्हींवर सही करा." पहिला ऑपरेशनच्या परवानगीचा, तो वाचून सही केली. दुसरा वाचला. माझे फोटो कुठंही, कुणालाही दाखवायची परवानगी.

"हे कशाला?"

तिनं मान खाली घातली. "सर आधीपासूनच वर्गात दाखवतात. खाली आडनाव असतं."

अंगात हिरवा गाऊन. हाताला सुई. म्हटलं, "यावर सही नाही."

मोठे डॉक्टर आले. आवाज चढवला नाही. "मग घरी जा. या दातांनी काय खाशील?"

"जाते. फोटो नाकारले म्हणून ऑपरेशन नाकारलं, एवढं लिहून सही द्या."

त्यांनी दुसरा कागद उचलून घडी करून खिशात घातला. मग नर्सला म्हणाले, "आत घ्या."

टेबलावर मला तेच दिसले, मास्कच्या वर फक्त डोळे. जबडा कापायची करवत याच माणसाच्या हातात होती. ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात शुद्ध गेली.

जबडा जागेवर बसला. खालचा ओठ मात्र बधिर आहे. पाणी ओघळलं तरी कळत नाही. असं होऊ शकतं, हे पहिल्या कागदावर होतं. मी वाचलं होतं. तरी आरशासमोर ओठाला चिमटा काढते आणि त्यांचे डोळे आठवतात.

आडनावावरून बोलले ते आणि वर्गात दाखवलेले फोटो, दोन्हींची मी कॉलेजकडं लेखी तक्रार दिली. शिकाऊ डॉक्टरीण म्हणाली, "अक्का, तारा अजून त्यांनाच काढायच्यात. स्वल्प विचार करा."

केला. शुक्रवारी चौकशी आहे. तेही समोर असतील. माझं तोंड अजून दोन बोटंच उघडतं. तेवढ्यातून त्यांचा शब्दन् शब्द सांगणार आहे, माझ्या आडनावासकट.