वीस सेकंदांची नोकरी

नोकरीचं पत्र गुरुवारी दुपारी आलं आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मी तेव्हा संग्रामपूरला आईबाबांच्या घरी होते. पुण्यातल्या कंपनीनं आमची अख्खी टीम एका सकाळी बंद केली, त्याला पाच महिने झाले होते. सॉफ्टवेअर लोकांच्या हाती जाण्याआधी ते तपासायचं, त्यातल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. या पाच महिन्यांत मी दिसेल तिथे अर्ज केले होते आणि दर मुलाखतीनंतर "कळवतो" एवढंच ऐकून फोन ठेवला होता. त्यामुळे पत्र पुरतं वाचायच्या आधीच मी आईला हाक मारली.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांनी चष्मा लावून मोबाइलवरचं पत्र सगळं वाचलं, अगदी तळाच्या बारीक अटींसकट, आणि म्हणाले, "पक्की नोकरी हाय. आता जास्त इचार करू नको." मग चपला घालून ते बाहेर पडले. अर्ध्या तासात बातमी त्यांच्या सगळ्या मित्रांपर्यंत पोचणार, हे मला माहीत होतं.

कंपनी काय करते हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. घरी बसून द्यायच्या परीक्षांवर पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर ती बनवायची. मुलगी लॅपटॉपसमोर बसून पेपर सोडवते, कॅमेरा तिच्याकडे बघत असतो. तिची नजर कुठे गेली, ओठ हलले का, खोलीत दुसरं कोणी आलं का, हे सॉफ्टवेअर टिपतं आणि संशय आला की तेवढा तुकडा बाजूला काढतं. कंपनीचं नाव काही चांगलं नव्हतं, हे मुलाखतीआधीच माझ्या कानावर आलं होतं. पण हातात काम नसलेला माणूस मुलाखत होईपर्यंत असल्या गोष्टींकडे बघत नाही. आता पत्र आलं, आणि मी मागच्या अंगणात पेरूखाली बाजेवर बसून सगळं वाचायला घेतलं. काहीच न करता कॉपीचा ठपका बसलेली मुलं. दाद मागायला गेल्यावर आलेली ठरावीक उत्तरं. तिथून सोडून गेलेल्यांनी लिहिलं होतं की दिवसभर परक्या मुलांच्या खोल्या बघून बघून घरी गेल्यावर बोलावंसंच वाटत नाही. एकानं लिहिलं होतं, "इथे चूक झाली तरी ती कोणाची, हे कधीच कळत नाही."

वाचता वाचता कंपनीचं पान पुन्हा उघडलं आणि वरच्या कोपऱ्यातलं निळं गोल चिन्ह नीट पाहिलं. ते चिन्ह मी आधी पाहिलेलं होतं.

माझ्या मावशीची मुलगी मेहकर तालुक्यात राहते, हिवरा आश्रमच्या अलीकडच्या एका लहान गावात. बी.एस्सी. झाल्यावर तिनं एका संस्थेची प्रवेश परीक्षा घरून दिली होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिच्या लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर चढेना, तेव्हा पुण्यातून फोनवर मीच तिला एकेक पायरी सांगितली. "कॅमेऱ्याला हो म्हण, माइकला हो म्हण, सगळ्याला हो म्हणत जा," असं मी म्हणाले होते. तिनं स्क्रीनचा फोटो पाठवला, त्यात ते निळं चिन्ह होतं. परीक्षेच्या दिवशी ऐन पेपरात वानरांची टोळी ती बसली होती त्या मागच्या खोलीच्या पत्र्यावर उतरली. दडादडा उड्या मारायला लागली. ती दर वेळी दचकून वर बघायची. पंधरा दिवसांनी संस्थेचं पत्र आलं: संशयास्पद हालचालींमुळे परीक्षा रद्द, पुढच्या वर्षीही बसता येणार नाही. मावशी महिनाभर कोणाच्या लग्नाला गेली नाही. लोक विचारतील, पोरीनं कॉपी केली का?

मी आईला हे सांगितलं तेव्हा ती ज्वारी निवडत होती. तिचे हात थांबले. "बाबाले सांगितलं?"

"नाही."

"मंग आधी त्या पोरीले सांग. तिले इचारल्याबिगर जाऊ नको. उद्या दुसऱ्याकडून समजलं तं काय वाटीन तिले?"

"आणि ती नको म्हणाली तर?"

आईनं पुन्हा सूप हातात घेतलं. "ते मले नाई समजत. पन तोंड लपवून नोकरी नाई होत बाई."

शनिवारी सकाळी मी निघाले. शेगाव, तिथून खामगाव, खामगावहून मेहकरची गाडी. जानेफळपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. "मला एक नोकरी लागली आहे, पण." "तुला आठवतं का ते सॉफ्टवेअर." प्रत्येक वाक्य दुसऱ्याच शब्दाला अडखळायचं. मध्येच वाटायचं, न सांगता परत जावं. कंपनीचं नाव इथे कोणाला पाठ असणार आहे? मग मेहकरच्या स्टँडवर मावशीची मुलगी स्वतःच स्कूटी घेऊन न्यायला आलेली दिसली आणि पळवाट उरली नाही.

मावशीनं जेवायला वाढलं, नोकरीचं अभिनंदन केलं. आईनं फोनवर तेवढंच सांगितलेलं होतं. जेवणानंतर आम्ही दोघी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेलो. तिथे मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ती चादरीची घडी घालत राहिली. घडी झाल्यावर तिनं ती पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली.

"ताई, तू तिथं काय करशीन?"

"तपासणी. सॉफ्टवेअर नीट चालतं का ते."

"म्हंजे माह्यासारखीचे व्हिडिओ पाहशीन?"

"बहुतेक."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर रागावेल. तिनं दोन्ही केलं नाही. ती कठड्यावर बसली आणि म्हणाली, "मंग माहा व्हिडिओ पाह्य. मले पाहाचं हाय मी काय केलं ते. मले आजपर्यंत कोनी दाखवलंच नाई. आता आता मलेच वाटून राह्यलं, का मी खरंच काही केलं असीन. कागद पाह्यला असीन, आठवत नसीन. असं होते का ताई?"

"नाही होत," मी म्हणाले. पण माझा आवाज मलाच खरा वाटला नाही.

"मी जाऊ का नको?" मी शेवटी विचारलं.

"माह्यावर नको टाकू," ती म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच धार आली. "तू गेली तं माह्यामुळं गेली, अन नाई गेली तं माह्यामुळं घरी बसली. दोन्ही मले नाई पाह्यजे."

ती बरोबर बोलत होती. मी खरोखरच ते ओझं तिच्या डोक्यावर ठेवायला एवढ्या लांब आले होते.

त्याच रात्री मी घरी परतले. रविवार मी कसा काढला ते धड आठवत नाही. कधी वाटायचं, जावं. आत एक तरी माणूस असा हवा ज्याला पत्र्यावरची वानरं म्हणजे काय ते माहीत आहे. लगेच वाटायचं, हे मी स्वतःला फसवायला सांगते आहे. पाच महिन्यांनी दार उघडलं म्हणून आत जायला कारण शोधते आहे. बाबा मात्र खुशीत होते. त्यांनी माझी जुनी बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली होती.

सोमवारी सकाळी मी कंपनीतल्या बाईंना फोन लावला. त्याच माझ्या वरिष्ठ होणार होत्या. बोलणं पुणेरी, गोड, घाई नसलेलं. मीही माझं पुण्यातलं मराठी काढलं. तिथे असताना ते मी कपड्यांसारखं रोज इस्त्री करून वापरत असे.

"रुजू होण्याआधी दोन-तीन गोष्टी विचारायच्या होत्या," मी म्हणाले.

"विचारा ना, अगदी मोकळेपणानं."

"माझं काम फक्त सॉफ्टवेअर तपासायचं असेल का?"

"पहिले सहा महिने सगळ्यांनाच सॉफ्टवेअरनं बाजूला काढलेल्या क्लिप बघाव्या लागतात. त्यामुळे प्रॉडक्ट समजतं."

"एका क्लिपला वेळ किती?"

"साधारण वीस सेकंद. सवय झाली की त्याहून कमी लागतो."

"आणि कॉपी आहे की नाही ते ठरवता आलं नाही तर?"

"मग संशयास्पद म्हणायचं. अंतिम निर्णय संस्था घेते, आपण नाही."

मावशीच्या गावी आलेलं पत्र मला आठवलं. त्यात संस्थेनं लिहिलं होतं की निर्णय तांत्रिक अहवालावरून घेतलेला आहे. म्हणजे हे त्यांच्याकडे बोट दाखवत होते आणि ते यांच्याकडे.

"ज्या मुलांवर ठपका येतो त्यांना त्यांची क्लिप दाखवतात का?"

"नाही, ते आपल्या धोरणात बसत नाही."

"पण दाखवत काऊन नाही?"

'का' म्हणायच्या जागी घरचा शब्द तोंडातून निघून गेला. पलीकडून त्यांचं हलकं हसू ऐकू आलं. वाईट नव्हतं ते हसणं, लहान मुलाच्या बोबड्या शब्दाला हसतात तसं. "तुम्ही विदर्भातल्या ना? गोड वाटतं ऐकायला," त्या म्हणाल्या. "बघा, एकाला दाखवली की सगळे मागतील. आणि एक सांगते, ओळखीच्या कोणाची केस शोधायचा विचार असेल तर तो सोडून द्या. लगेच काढून टाकतात." त्यांनी ते काळजीनंच सांगितलं असावं. आवाजात कुठेही धमकी नव्हती. त्यांना रोज हे सांगावं लागत असेल, असं मला वाटलं, आणि उद्या मलाही कोणाला तरी असंच सांगावं लागेल.

"मी येत नाही," मी म्हणाले. त्या म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत वेळ आहे, विचार करा. मी संध्याकाळी चार ओळींचं पत्र पाठवून नकार कळवला. पत्र गेल्यावर सुटल्यासारखं वाटेल असा माझा समज होता. तसं काही झालं नाही. उलट, चूक तर केली नाही ना, या शंकेनं मी घरात नुसत्या येरझारा घालत होते.

बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मले आधीच सांगतलं असतं ना. मी पूर्ण गावाले सांगून आलो." पुढे आठवडाभर ते बाजाराकडे फिरकले नाहीत. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढचे चार महिने कठीण गेले. शेवटी अकोल्यातल्या एका दवाखान्यात, रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम मिळालं. पगार पहिल्यापेक्षा कमी. मी नाकारलेल्या जागेवर माझ्याच कॉलेजचा एक मुलगा गेला होता, हे मला नंतर समजलं. त्याचा एकदा फोन आला. "अगं, बहुतेकांना मी सोडूनच देतो," तो म्हणाला. "दिवसभरात एखाद्यावरच शेरा मारतो. वरून बोलणी बसतात, पण चालतं." मी फोन ठेवला आणि कितीतरी दिवस त्या वाक्यानं मला पोखरलं. त्याच्यामुळे किती मुलं सुटली असतील? मी गेले असते तर त्याच्याएवढी तरी टिकले असते का, की सवय होऊन वीस सेकंदांच्याही आत शेरे मारले असते? याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मावशीच्या मुलीबरोबर बसून मी संस्थेकडे तिच्या व्हिडिओसाठी रीतसर अर्ज केला. तीन स्मरणपत्रांनंतर उत्तर आलं: नियमानुसार चित्रीकरण नष्ट केलेलं आहे. ती ते वाचून म्हणाली, "म्हंजे आता कोनालेच माहीत नाई." मग तिनं कागद फाइलमध्ये लावून टाकला आणि दुसऱ्या एका विद्यापीठाची माहिती काढायला बसली. त्यांची परीक्षा केंद्रावर, कागदावर व्हायची.

ती परीक्षा अकोल्यात होती. मी रजा घेऊन तिच्याबरोबर गेले. केंद्राच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली पालकांची गर्दी होती, त्यात मी एक. तीन तास मी धड बसले नाही की उभी राहिले नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमची बहीण का? हुशार हाय का?"

"हो," मी म्हणाले.

ती बाहेर आली तेव्हा बोटांना शाई लागलेली होती. पेपर कसा गेला हे विचारायची मला हिंमत होईना. तिनंच सांगितलं की दोन प्रश्न राहिले, वेळ पुरला नाही. जूनमध्ये प्रवेशाची यादी लागली. तिचं नाव दुसऱ्या पानावर होतं, खालून चौथं.