बिनपॉलिश भाताचे चिनी पुडे

पानात बांधलेला भात पानासकट खायचा नसतो, हे मला पान अर्धं चावून झाल्यावर कळलं. (दोरा तर त्याआधीच पोटात गेला होता.)

आमच्या तळेगावच्या कारखान्यात नवं यंत्र बसवायला एक चिनी इंजिनिअर आले होते, लीसाहेब. त्यांच्या कुठल्याशा सणाला त्यांनी आम्हाला तिकोनी पुडे वाटले. आत मूग, भोवती चिकट भात, वर बांबूचं पान आणि करकचून दोरा. साहेबांना इंग्रजी माझ्याइतकंच येत होतं, म्हणजे येत नव्हतं. ते मोबाइलशी चिनीत बोलायचे आणि मोबाइल आमच्याशी हिंदीत बोलायचा.

"कृपया पत्ता मत खाइए," मोबाइल म्हणाला.

सगळा विभाग हसला. मी उरलेलं पान गिळून टाकलं. थुंकणार कुठे?

माझी साखर नुकतीच काठावर आलेली आणि घरी भात बंद. म्हणून विचारलं, हे प्रकरण पथ्यात कसं बसवायचं?

"एक का आधा. सुबह. साथ में बिना चीनी चाय."

"म्हणजे चहाला तुम्ही नाही येणार?" मी म्हणालो. विनोद मोबाइलला कळला नाही. तो पुढे म्हणाला, "दाल ज्यादा. बिना पॉलिश का चावल."

बिनपॉलिश! अहो, ते तर माझ्या गॅलरीतच होतं!

मावळात शिजलेला 'तो' भात आणि शेतातलं, टरफलातलं 'ते' भात. मी पुण्याच्या पेठेत वाढल्यामुळे हा फरक लग्नानंतर शिकलो, आणि शिकलो म्हणून मिरवत होतो. माझे सासरे, आबा, मळवलीचे. त्यांची शेती होती तिथे आता एक बंगला आहे आणि आबा त्याच बंगल्याची राखण करतात, झाडांना पाणी घालतात. कुंपणालगतची तीन गुंठ्यांची पट्टी तेवढी त्यांची उरली आहे. त्यांच्या घरात उंदीर झाले, म्हणून बायकोने, शैलाने, आंबेमोहोराचा पत्र्याचा डबा आमच्या वराळ्याच्या फ्लॅटवर आणून ठेवला होता. "आबांचं भात आहे, जपा हं," इतकंच म्हणाली.

मी जपलं. उंदरांपासून!

रविवारी शैला मळवलीला गेल्या गेल्या मी डबा स्कूटरवर घालून भातगिरणी गाठली.

"किती काढायचं, भाऊ?"

"दोन किलो. पॉलिश नको."

"दोन किलोला मशीन कुटं चालू करू? समदं टाका की!"

"टाका!" मी म्हणालो. हात सढळ होता, भात दुसऱ्याचं होतं. वर कोंडाही पिशवीत भरून घेतला. फायबर!

घरी येऊन मूग भिजवले, केळीचं पान फाडलं, आणि शैलाच्या शिलाई मशीनच्या निळ्या दोऱ्याने बारा पुडे बांधले. कुकरमध्ये सात फुटले. उरलेल्या पाचांवर निळा रंग उतरला. पौष्टिक पदार्थ देखणा असायलाच हवा, असं कुठे लिहिलंय?

तेवढ्यात शैला आली, आणि मागून आबा!

"हे काय वं, जावईबापू?"

"चिनी पुडे, आबा! एकदम पथ्याचे. बसा."

आबांनी दोरा सोडला, पान बाजूला केलं आणि आतलं तेवढं खाल्लं. (त्यांना मोबाइल लागला नाही.) दोन घास झाल्यावर थांबले.

"लय गुनाचा हाय. वास तर आपल्या आंबेमोहोरावानी."

"आहेच तुमचा! डब्यातला!"

"आं? समदं काढलं?"

"समदं! हा बघा, कोंडासुद्धा ठेवलाय!"

शैलाने कोंड्याची पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. "अहो, ते बियाणं होतं. उद्या रोप टाकायचं म्हणून आबा डबा न्यायला आलेत."

आबांनी पुडा संपवला. ताटात शीत टाकायची त्यांना सवय नाही.

"आबा, मी दुकानातून आणतो," मी घाईघाईने म्हणालो. "हल्ली फार चांगलं मिळतं. पिशवीत."

"आना की. पन माज्या आज्यापासनं राखल्यालं, ते दुकानात कुटं ठेवत्यात?"

"मग गावात कुणाकडून..."

"गावात आता कोन लावतंय? माजंच तेवढं व्हतं."

मग त्यांनी रिकामा डबा उचलला, त्याचं झाकण मागून घेतलं आणि गेले. मी स्टेशनपर्यंत सोडतो म्हणालो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. वजन न्हाई त्यात."

पंधरा दिवस शैला माझ्याशी फक्त गॅस, दूध आणि लाइटबिल यांवर बोलत होती. मग आबांचा फोन आला. पट्टी मोकळीच पडली होती. बंगल्याच्या मालकाने तिथे हिरवळ लावू का म्हणून विचारलं, आणि आबा हो म्हणाले. पाणी घालायला तेच आहेत.

शैलाने फोन ठेवला. मी तिच्याजवळ गेलो. "अगं, मी चांगल्यासाठीच केलं. पचायला हलकं व्हावं म्हणून..."

"हलकंच झालं की," शैला म्हणाली. "माझ्या बापाचं अख्खं वावर एका जेवणात पचवलंत. आता शतपावली घाला."