भर गाडीतली माफी

मी इस्लापूरच्या शाळेत शिकवायचो, तेव्हा हिमायतनगरहून सकाळच्या एसटीत एक कंडक्टर रोज भेटायचा. जिभेनं तिखट, पण कुणी पळत येताना दिसलं की स्वतः घंटी वाजवून गाडी थांबवायचा.

एकदा एका म्हातारीचं गाव आलं. त्यानं तीनदा हाक मारली, ती उठेना.

"बहिरी हायस का गं?" तो खेकसला. सगळी गाडी हसली.

"हाव, तिला खरंच ऐकू येत न्हाई," शेजारची बाई म्हणाली. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

दुसऱ्या दिवशी म्हातारी गाडीत येऊन बसली, तसं तिकिटाचं मशीन बगलेत धरून तो तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. मोठ्यानं म्हणाला, "माय, काल लई वंगाळ बोललो. माफ कर."

"अहो, तिला कुठं ऐकू येतंय?" मी म्हणालो.

"तिला न्हाई, सर. पण कालचं ज्यायनी ऐकलं, त्यायला तर येतंय ना!"

म्हातारीनं त्याचे जोडलेले हात पाहिले, त्याच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

आदल्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं हसलो होतो मी. हात जोडायला मात्र जागेवरून उठलो नाही.