लूमवरच्या माळ्यावरचा नाच

टेम्पोने उडवल्यापासून माझा डावा पाय गुडघ्याखाली बधिर आहे. वॉकर घेऊन चालते, आणि कुणी "आता कसं वाटतंय?" विचारलं की माझं डोकं फिरतं. तरी अधू पायांच्या लोकांसाठी असलेल्या नाचाच्या वर्गाला मात्र हौसेने जायचे. भिवंडीतल्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यावर रिकामा माळा होता, तिथे तो भरायचा. जिना आमच्यासारख्यांच्या कामाचा नव्हता, म्हणून कापडाच्या ताग्यांसारखे आम्ही मालाच्या लिफ्टने वर जायचो. शिकवणाऱ्या मॅडम गाणी लावत नसत. खालच्या लूमची खटखट अखंड चालायची, तोच ताल तळव्यांनी घ्या म्हणायच्या. त्या तालावर वजन या पायावरून त्या पायावर टाकत आम्ही डुलायचो.

उन्हाळ्यात एक दिवस माझ्या बधिर पायाला तो ताल चक्क लागला. घोट्यापर्यंत थरथर आली. मी रडलेच. शेजारी मानकोलीचे एक काका असायचे, लकव्याने उजवी बाजू गेलेले. ते म्हणाले, "माझ्या पायाला पन कळतंय, पोरी. पाय परत आला बघ." मग एकेक करत सगळेच तसं म्हणू लागले. मॅडमनी पेढे वाटले.

घरी येऊन मी फरशीवर पाय आपटून पाहिला. काही नाही, नुसतं लाकूड. सगळ्यांचे पाय एकाच आठवड्यात कसे जागे होतील? पुढच्या वेळी मी माळ्यावरच्या खांबाला हात लावला. खांब थरथरत होता, त्याला भेगा पडल्या होत्या आणि गिलाव्याचा चुरा बोटांना लागला. खाली नवी, जड मशिनं बसवली होती.

मॅडमना दाखवलं तसा त्यांचा चेहरा उतरला. लिफ्टने दोघं-दोघं करून सगळ्यांना खाली उतरवलं. काका हलेनात. "मला इथंच पाय हाय," ते म्हणाले. "खाली न्हाय." शेवटी मॅडमनी त्यांना दंडाला धरून ओढतच आणलं.

मालकाला सांगितलं, तर त्याने भेगांवर सिमेंट फासलं. लूम चालूच राहिले. आमचा वर्ग आता राहनाळला तळमजल्यावर भरतो, स्पीकरवर गाणी लावून. कुणाच्याच पायाला काही कळत नाही. काका तिथे एकदाही आले नाहीत. रुसले असतील, असं मी धरून चालले.

परवा दुपारी त्यांच्या सुनेचा फोन आला. "ताई, तुमच्या क्लासचा खूप गुण आला. पाय आता पहिल्यापेक्षा जास्त थरथरतो म्हनतात बाबा."

बाबा आत्ता कुठे आहेत, मी विचारलं.

"कधीच निघाले की," ती म्हणाली. "पोचले असतील तुमच्या त्या माळ्यावर."